पीएलसीवर डेटाचं ओझं टाकण्याआधी: फौंड्रीत पहिल्यांदा डेटा गोळा करणाऱ्यांसाठी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सँड प्लांटचा (साच्याची वाळू तयार करणाऱ्या विभागाचा) डेटा कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवसांत स्क्रीनवर रंगीत आलेख नाचायला लागले, मालक खूश, मी त्याहून खूश. तिसऱ्या दिवशी मिक्सरवरचे मामा मूठभर वाळू दाबून बघत म्हणाले, "साहेब, वाळू चिकट लागाय लागलीया बगा. पानी जास्त हुतंय." मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. सेटिंग १० लिटर, मोजलेलं पाणी १० लिटर, सगळं हिरवं. आठवड्याभरात कास्टिंगमध्ये ब्लो-होल (वायूने पडलेली भोकं) दिसायला लागले आणि रिजेक्शनचा ढीग वाढला.

मामांची मूठ बरोबर होती आणि माझी स्क्रीन चूक. चूक कुठे झाली ते खाली तिसऱ्या पायरीत येईलच. गोकुळ शिरगाव, कागल किंवा शिरोलीत कुणी पोरगा किंवा पोरगी पहिल्यांदा असं काम हातात घेत असेल, तर माझ्यासारखा रिजेक्शनचा ढीग बघायची पाळी त्यांच्यावर येऊ नये म्हणून हे लिहितोय. उदाहरणं फौंड्रीची आहेत, पण साखर कारखाना असो की इचलकरंजीचं सायझिंग, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक कॉम्प्युटर) तोच असतो.

१. आधी प्रश्न लिहा, टॅगची यादी नंतर

सुरुवातीला सगळे एकच म्हणतात: "पीएलसीत जे आहे ते सगळं घे, पुढं कधीतरी लागेल." असं करू नका. एक टॅग (पीएलसीतला एक आकडा किंवा सिग्नल) दर सेकंदाला नोंदवला तर दिवसाला ८६,४०० नोंदी होतात. ६० टॅग घेतले की ५१,८४,०००. त्या कोण बघणार?

वहीत प्रश्न लिहा. "रात्रपाळीत टनामागे युनिट जास्त का लागतात?" "ब्लो-होल वाढतात त्या दिवशी वाळूतला ओलावा किती असतो?" प्रत्येक प्रश्नापुढे लागणारे टॅग आणि किती वेळाने लागणार ते लिहा. इंडक्शन फर्नेसची वीज दर ५ सेकंदांनी पुरते. वाळूचा ओलावा प्रत्येक बॅचला एकदा. शेकआउटची (साच्यातून कास्टिंग झटकून काढणाऱ्या मशीनची) मोटर चालू-बंद झाली, एवढी फक्त बदलाच्या क्षणी नोंद. माझ्या त्या कामात १८० टॅगचे शेवटी ३४ राहिले, आणि एकाही प्रश्नाचं उत्तर अडलं नाही.

बेअरिंगचं व्हायब्रेशन पीएलसीतून घ्यायचा मोह मात्र आवरा. १,४४० आरपीएमची मोटर सेकंदाला २४ फेरे मारते, आणि बेअरिंगच्या दोषाच्या खुणा त्याच्या कितीतरी पट वरच्या फ्रिक्वेन्सीला असतात. पीएलसीतून १०० मिलिसेकंदांनी घेतलेला आकडा तिथे काहीच सांगत नाही. त्यासाठी वेगळा सेन्सर, वेगळं मोजणारं यंत्र. पीएलसीला फक्त "ठीक / बिघडतंय" एवढा निरोप द्यायचा.

२. हाताशी काय काय हवं

- पीएलसीचा आत्ता चालू असलेला प्रोग्रॅम, मशीनमधून स्वतः वाचून घेतलेला. कपाटातली सीडी चालणार नाही, मधल्या काळात कुणीतरी बदल केलेला असतोच.
- प्रोग्रॅमचा पासवर्ड. हे सगळ्यात आधी विचारा. आमच्याकडे पासवर्ड माहीत असलेला माणूस नोकरी सोडून चाकणला गेला होता; त्याला शोधण्यातच आठ दिवस गेले.
- आय-ओ लिस्ट (इनपुट-आउटपुटची यादी) आणि पॅनलचं ड्रॉइंग.
- प्रत्येक उपकरणाच्या आयपी पत्त्याची यादी. नसेल तर पॅनल उघडून स्वतः बनवा.
- मशीन वॉरंटीत असेल तर बनवणाऱ्याची लेखी परवानगी.
- दोन नेटवर्क पोर्ट असलेला, पंखा नसलेला इंडस्ट्रियल पीसी आणि त्याला छोटा यूपीएस. फौंड्रीतली काळी धूळ पंख्यातून आत शिरते, आणि साधा पीसी एखाद्या मोसमातच मान टाकतो. रास्पबेरी पाय वापरणार असाल तर एसडी कार्डवर सतत लिहू नका, ते झिजून मरतं, एसएसडी लावा.
- मॅनेज्ड स्विच (ज्याची पोर्ट सेटिंगमधून बंद करता येतात असा).
- एक साधी वही. विनोद नाही, पुढच्या पायरीत लागणार आहे.

३. स्कॅन टाइम मोजा, आणि तो कमालच बघा

पीएलसी एका चक्रात फिरत असतो: इनपुट वाचायचे, प्रोग्रॅम चालवायचा, आउटपुट लिहायचे, मधे नेटवर्कवरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका चक्राला लागणारा वेळ म्हणजे स्कॅन टाइम. तुम्ही डेटा मागता तेव्हा त्याची उत्तरं याच वेळातून जातात. वेगळा कुणी माणूस आत बसलेला नसतो.

आता माझी चूक. पाण्याच्या लाइनवरचा फ्लो मीटर पल्स देणारा होता. १० लिटरला ४०० पल्स, म्हणजे बॅच चालू असताना सेकंदाला साधारण २०. प्रत्येक पल्स २५ मिलिसेकंद चालू, २५ बंद. हा पल्स साध्या डिजिटल इनपुटला जोडलेला, मोजणी प्रोग्रॅममध्ये. आधी स्कॅन ११ मिलिसेकंद होता, त्यामुळे इतकी वर्षं एकही पल्स सुटला नव्हता. मी २४ टॅगची सरासरी काढायचा हिशोब आत टाकला आणि वर गेटवेने (पीएलसीतला डेटा वाचून पीसीकडे पोचवणाऱ्या दुव्याने) दर १०० मिलिसेकंदांनी डेटा मागायला सुरुवात केली. सरासरी स्कॅन झाला १९. मी म्हटलं, २५ च्या आत आहे, झालं.

पण मधूनमधून तो ४५ वर उडी मारत होता. प्रत्येक उडीत एखादा पल्स गळायचा. पीएलसीच्या मते ४०० पल्स व्हायला वेळ लागतोय, म्हणून व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा. प्रत्यक्षात पडायचं साडेदहा-अकरा लिटर, आणि स्क्रीनवर दिसायचं बरोब्बर १०, कारण स्क्रीन तीच चुकीची मोजणी दाखवत होती. ५०० किलोच्या बॅचमध्ये अर्धा-एक लिटर म्हणजे ओलाव्यात ०.१ ते ०.२ टक्के. जी वाळू साडेतीन टक्क्यांच्या आसपास चालते, तिला एवढं पुरतं.

म्हणून काम सुरू करायच्या आधी हे करा:

प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑनलाइन जा आणि आत्ताचा, किमान आणि कमाल असे तिन्ही स्कॅन टाइम वहीत लिहा. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत हे आकडे डी८०१० ते डी८०१२ मध्ये मिळतात, डेल्टाच्या डीव्हीपीमध्ये डी१०१० ते डी१०१२ मध्ये. दोन्हीकडे एकक ०.१ मिलिसेकंद आहे, म्हणजे ११० दिसलं तर ११ मिलिसेकंद. नवीन लोक हमखास इथे फसतात. सीमेन्समध्ये ऑनलाइन डायग्नोस्टिक्सखाली सायकल टाइम दिसतो. एक पूर्ण पाळी जाऊ द्या. कमाल आकडा प्लांट पूर्ण चालू असतानाच खरा येतो.

मग प्लांटमध्ये सगळ्यात घाईचा सिग्नल कोणता ते शोधा. पल्स, लिमिट स्विच, झपकन जाणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर. त्याच्या चालू किंवा बंद काळापैकी जो छोटा, त्याच्या निम्म्यात कमाल स्कॅन बसला पाहिजे, हा माझा नियम. पुस्तकात कदाचित याहून ढिला मिळेल, मी ढिला करत नाही. बसत नसेल तर तो सिग्नल हाय-स्पीड काउंटरच्या इनपुटला न्या. तिथे मोजणी हार्डवेअर करतं, स्कॅनवर अवलंबून राहत नाही. आमचा फ्लो मीटर शेवटी तिथेच गेला. दोन वायरी आणि तासाभराचं काम.

वॉचडॉगही बघून ठेवा. सीमेन्सच्या एस७-१२०० मध्ये स्कॅनची कमाल मुदत मुळात १५० मिलिसेकंद ठेवलेली असते. ती ओलांडली की पीएलसी चूक नोंदवतो, आणि पुढे थेट थांबूही शकतो. काही जण ही मुदतच वाढवून मोकळे होतात. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार.

४. हिशोब पीएलसीच्या बाहेर न्या

माझा सरासरीचा कोड असा होता: २४ टॅग, प्रत्येकाचे मागचे ३०० आकडे, दर अर्ध्या सेकंदाला सगळ्यांची बेरीज. म्हणजे एकाच स्कॅनमध्ये ७,२०० बेरजा. त्या ४५ च्या उड्या मुख्यतः इथून आल्या होत्या.

सरासरी, टक्केवारी, पाळीचा अहवाल, गेल्या महिन्याशी तुलना: हे सगळं इंडस्ट्रियल पीसीवर. पीएलसीने फक्त कच्चा आकडा द्यायचा. काही हिशोब आतच लागत असेल, कारण त्यावर इंटरलॉक (अट पुरी नसेल तर मशीन अडवणारी सोय) आहे, तर चालती बेरीज ठेवा: नवा आकडा मिळवा, सगळ्यात जुना वजा करा. दोनच क्रिया. ही बेरीज पूर्णांकात ठेवा. दशांशात ठेवली तर महिनोन्‌महिने वजाबाकी-बेरीज होऊन ती हळूहळू घसरते. किंवा एका स्कॅनला एकच टॅग घ्या, २४ स्कॅनमध्ये सगळे होतील. आकडेमोड अर्धा सेकंद उशिरा झाली म्हणून काही बिघडत नाही. व्हॉल्व्ह अर्धा सेकंद उशिरा बंद झाला तर बिघडतं.

हाच न्याय स्काडाच्या (प्लांटवर देखरेख करायच्या सॉफ्टवेअरच्या) पीसीला लावा. ऑपरेटर ज्या स्क्रीनवर अलार्म बघतो, त्याच पीसीवर कुणी वर्षभराचा डेटा एक्सेलमध्ये ओढायला बसला की स्क्रीन गोठते. पीएलसी चालू असतो, पण ऑपरेटर आंधळा होतो. इतिहासाचा साठा दुसऱ्या मशीनवर ठेवा.

५. डेटा मागायची रीत

इथे थोडं गणित करू, कारण याने मोठा फरक पडतो. फर्नेसचे आणि कॉम्प्रेसरचे एनर्जी मीटर बहुधा आरएस-४८५ वर (सगळ्यांची मिळून एकच वायरची लाइन) मॉडबस आरटीयूने (त्या लाइनवर प्रश्न-उत्तराने बोलायची भाषा) बोलतात. ९६०० च्या वेगाला एक बाइट जायला साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात. १०० रजिस्टर (आकडे ठेवायचे कप्पे) एका दमात मागितली तर प्रश्न ८ बाइटचा, उत्तर २०५ बाइटचं: एकूण पाव सेकंदाच्या आसपास काम. तीच १०० रजिस्टर एकेक करून मागितली, तर प्रत्येक वेळी ८ अधिक ७ बाइट, वर मधल्या शांततेचा वेळ, वर मीटरचा विचार करायचा वेळ. सहज अडीच-तीन सेकंद. लाइन एकच असल्यामुळे तेवढा वेळ बाकीचे मीटर ताटकळत बसतात.

एका प्रश्नात जास्तीत जास्त १२५ रजिस्टर मागता येतात. म्हणून पीएलसीत डेटासाठी एक वेगळा सलग ब्लॉक बनवा, हवे ते टॅग तिथे ओळीने उतरवा आणि गेटवेला तेवढाच ब्लॉक वाचू द्या. इथेतिथे विखुरलेले पत्ते वाचायला लावू नका. हा सलग ब्लॉक आणखी एका कारणाने बरा: उद्या प्रोग्रॅममध्ये पत्ते बदलले तरी बाहेरची व्यवस्था हलत नाही.

इथरनेट आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. केबल वेगवान असली तरी उत्तर देणारा तोच पीएलसी. एस७-१२०० मध्ये संवादासाठी स्कॅनचा किती वाटा द्यायचा ते ठरवता येतं, मुळात तो २० टक्के असतो. "डेटा हळू येतोय" म्हणून हा आकडा वाढवू नका. आधी मागणी कमी करा. ओपीसी यूए (मशीनचा डेटा देण्याघेण्याची प्रमाणित पद्धत) असेल तर सॅम्पलिंगचा काळ टॅगप्रमाणे वेगळा ठेवा आणि डेडबँड लावा. ओतताना रसाचं (वितळलेल्या धातूचं) तापमान १,४०० अंशांच्या आसपास असतं, तिथे अर्ध्या अंशाचा बदल नोंदवून काय मिळणार? २ अंशांच्या पुढे हललं तरच नोंद. फक्त बदल झाला नाही तरी दर ५ मिनिटांनी एक नोंद सक्तीची ठेवा, नाहीतर "तापमान स्थिर आहे" आणि "सेन्सर मेलाय" यातला फरक महिन्यानंतर कळणार नाही.

जाता जाता केबलबद्दल. इंडक्शन फर्नेसच्या आसपास आरएस-४८५ ची वायर पॉवर केबलच्या ट्रेमधून नेली की मॉडबसला झटके बसतात. पिळाची शील्डेड वायर घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा, आणि मीटर एकामागून एक जोडा, फांद्या फोडू नका. माझे निम्मे "सॉफ्टवेअर प्रॉब्लेम" या वाक्यातल्या चार गोष्टींनी सुटलेत.

६. रस्ते वेगळे करा

पीसीचं एक पोर्ट मशीनच्या नेटवर्कला, दुसरं ऑफिसच्या. दोघांमध्ये थेट वाट नको. एका ठिकाणी सीसीटीव्हीवाल्याने पॅनलमधल्या स्विचला मोकळं पोर्ट दिसलं म्हणून कॅमेरा जोडला. कॅमेऱ्याचा पत्ता आणि एचएमआयचा (मशीनवरच्या ऑपरेटरच्या स्क्रीनचा) पत्ता एकच निघाला. मोल्डिंग लाइनची स्क्रीन दिवसभर ये-जा करत होती आणि आम्ही एचएमआय बदलायच्या गोष्टी करत होतो. मोकळी पोर्ट बंद करून ठेवा, म्हणूनच मॅनेज्ड स्विच म्हटलं.

सीमेन्सच्या पीएलसीत बाहेरून वाचायला "पुट-गेट" परवानगी चालू करायला सांगतात. ती चालू केली की वाचण्याबरोबर लिहायचीही वाट उघडते, हे लक्षात ठेवा. पर्याय असेल तर ओपीसी यूए वापरा आणि टॅग फक्त वाचनापुरते ठेवा. मॉडबसमध्ये तर पासवर्ड ही गोष्टच नाही. तो १९७९ चा, तेव्हा कारखान्याच्या भिंतीबाहेर कुणी बघत नव्हतं.

७. पीएलसीला कुणाची वाट बघायला लावू नका

हा सापळा दिसायला शहाणपणाचा असतो. "हीटची (भट्टीच्या एका खेपेची) नोंद पीसीत पोचली, अशी पोच आली की मगच पुढची हीट सुरू." एकही नोंद हुकणार नाही, किती छान! मग रात्री दोनला विंडोज अपडेट होऊन पीसी रीस्टार्ट होतो, रस भट्टीत तयार, आणि लाइन पोच यायची वाट बघत उभी.

त्याऐवजी पीएलसीत २०० नोंदींचा गोल बफर ठेवा. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक आणि वेळ. पीसी आपल्या सवडीने वाचेल. तो बंद असेल तर नोंदी साठतील, फारच वेळ बंद राहिला तर सगळ्यात जुनी पुसली जाईल आणि "किती पुसल्या" हे मोजणारा एक काउंटर वाढेल. नोंद गेली तर गेली, रस गोठायला नको.

घड्याळ मात्र जुळवा. पीएलसी, पीसी आणि मीटर यांची घड्याळं दिवसाला काही सेकंद सरकतात, महिन्यात मिनिटं होतात. महावितरणचा दर दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो. घड्याळ चुकलं की कुठली हीट महाग पडली याचा हिशोब चुकतो. पीसीला एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावा आणि त्यावरून बाकीच्यांना वेळ द्या.

८. उलटा प्रवास: विश्लेषणातून सेटिंग लिहायचं असेल तर

पहिल्या वर्षी लिहूच नका. पीसीने सुचवावं, ऑपरेटरने बघून बटण दाबावं. पुढे स्वयंचलित करायचंच तर मर्यादा पीएलसीच्या आत असली पाहिजे: ओलाव्याची सेटिंग ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त हलवायला आली तर पीएलसीने नाकारायची. पीसीने दर सेकंदाला एक आकडा वाढवत राहायचं, तो १० सेकंद हलला नाही तर पीएलसीने मुकाट ठरलेल्या रेसिपीवर परत यायचं. इमर्जन्सी स्टॉप आणि सुरक्षेचे इंटरलॉक या सगळ्या वाटेवर कुठेच येता कामा नयेत. तिथे वायर ती वायर.

९. केबल उपसून बघा

काम झालं असं वाटलं की प्लांट चालू असताना, प्रॉडक्शनवाल्यांना सांगून, ही परीक्षा घ्या. डेटाची केबल उपसा: प्लांटला कळायलाही नको. पीसीचा प्लग काढा: तेच. केबल परत लावा: साठलेल्या नोंदी क्रमाने आल्या का, अनुक्रमांक सलग आहेत का? मग ऑफिसमधून मुद्दाम मोठा अहवाल काढायला लावा आणि त्या वेळी कमाल स्कॅन बघा. कमाल आकडा आधी शून्य करून २४ तास चालवा आणि वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी लिहा. आमचा जुना कमाल १४ होता, दुरुस्तीनंतर १६ वर थांबला. शेवटी एक बादली घेऊन मिक्सरच्या पाण्याखाली धरा आणि वजन काट्यावर करा. १० लिटर म्हणजे १० किलो. ही परीक्षा मी पहिल्याच दिवशी घेतली असती, तर मामांकडून ऐकून घ्यायची वेळ आली नसती.

पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा, प्लॅस्टिकमध्ये घालून. त्यावर एवढंच: डेटाच्या केबलचा रंग, "ही काढली तरी प्लांट चालतो, अडचण आली तर बिनधास्त काढा", कमाल स्कॅन किती, कोणत्या तारखेला मोजला, प्रोग्रॅमचा बॅकअप कोणत्या कपाटात. आणि तो इंडस्ट्रियल पीसी पॅनलच्या तळाशी ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं होतं. वरच्या कप्प्याला स्क्रू मारायला दहा मिनिटं लागतात.